चौथ्या फाटकावर उतरलेला लेखक

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या परिषदेचे प्रमुख श्री. रेक्स हॅनाफोर्ड, व्यासपीठावर विराजमान झालेले ख्यातनाम बालसाहित्यिक श्री. लाइल प्रेंडरगास्ट, साडेसहा तास गाडीत बसून सिडनीहून इथे आलेल्या, त्यांच्या प्रकाशनसंस्थेच्या मिस फेनर, महिला मंडळाच्या भगिनी, बुरांगी शाळेचे शिक्षक, पुढे सतरंजीवर बसलेली, आणि अजूनपर्यंत तरी शहाण्यासारखी बसलेली मुलं, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या श्रीमती मर्ल टकेट.

मर्लबाईंचं नाव मी शेवटी घेतलं याबद्दल कुणी रागावू नये. कार्यक्रमपत्रिकेत ते नवव्या क्रमांकावर आहे. चहापानाच्या नंतर आणि हरवलेल्या छत्रीबद्दलच्या सूचनेच्या आधी. 'तसेच श्रीमती टकेट यांना निरोप' अशी ओळ आहे. तसेच! चौतीस वर्षं या गावाची पोरं शाळेत नेली-आणली त्या बाईला आम्ही एका 'तसेच'मध्ये बसवलं. परवा त्या लेकीकडे पर्थला जाणार, कायमच्या. पण हॉल एकदाच घ्यायचा, चहा एकदाच ठेवायचा, तर लाइलरावांच्या सत्कारातच निरोपही उरकून घेऊ, असं समितीनं ठरवलं. एका दगडात दोन पक्षी. दगड कुणाला लागला ते आपण बघतोच आहोत.

मी ग्लेनिस रस्क. सव्वीस वर्षं इथलं पोस्ट सांभाळलं, त्यामुळे मला कुणी ओळखत नाही असं होणार नाही, मिस फेनर सोडून. माझ्याकडे आभारप्रदर्शन आहे. तीन मिनिटं दिली आहेत. रेक्स, घड्याळ खिशात ठेव. तुझं प्रास्ताविक बावीस मिनिटं चाललं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही.

आणि हो, खिडकीकडच्या मंडळींना एक विनंती. मैदानातल्या मेंढ्यांवर जरा नजर ठेवा. कुणीतरी येताना बाहेरचं फाटक उघडं टाकलंय. कोण ते मी पाहिलंय. त्यावर नंतर येते.

तर, आभार. लाइलरावांचे आभार मानायचे तर कशाकशाचे मानू? त्यांनी जुन्या परीकथा लहान मुलांसाठी गमतीदार करून सांगितल्या. मघाशी अध्यक्ष म्हणाले की लाइलरावांच्या प्रतिभेनं लांडग्याला दमा दिला. काचेचा बूट हरवलेल्या पोरीला पायांना भोवरी दिली. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येला असं घोरायला लावलं की राजपुत्र आवाजाच्या रोखानं तिच्यापर्यंत पोचला. वा! काय प्रतिभा! ऐकताना या हॉलमधल्या चाळीस-पन्नास माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी व्यासपीठावरून बघत होते. आपल्या गावाची हीच तर खासियत आहे. पाहुणा आला की आम्ही सगळे सभ्य होतो.

मिस फेनर, तुम्ही परक्या, म्हणून तुम्हाला सांगते. दमेकरी लांडगा आमच्या शाळेच्या बसमध्ये जन्मला. बस मर्लबाईंची. शाळा सुटली की निघायची आणि सात फाटकं पार करून त्यांच्या स्वतःच्या दारात थांबायची. रस्ता लोकांच्या कुरणांतून. प्रत्येक फाटकावर दोन-चार पोरं उतरायची. तास-सव्वा तास लागायचा, उन्हानं पत्रा तापलेला, माश्या तोंडावर, आणि मागे अठ्ठावीस पोरं एकमेकांच्या झिंज्या ओढतायत. त्यांना गप्प बसवायला बाई स्टिअरिंग धरून गोष्ट सांगायच्या. आरशात बघून सांगायच्या. "ए, मागच्या सीटवरच्या, लांडग्याला खोकला आलाय, तू कशाला बोंबलतोयस?" अशी ती गोष्ट.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथेच आहे. गोष्ट रस्त्याएवढी लांब असायची. शाळेपाशी सुरू व्हायची आणि सातव्या फाटकावर संपायची. जो पहिल्या फाटकावर उतरायचा त्याला निम्मीसुद्धा मिळायची नाही. मी सातव्या फाटकावरची. मला सगळ्या गोष्टी शेवटापर्यंत मिळाल्या.

लाइल प्रेंडरगास्ट चौथ्या फाटकावर उतरायचा.

हसू नका, हसण्यासारखं काय आहे त्यात? पुस्तक काढून बघा. चौदा गोष्टी आहेत. चौदाही गोष्टी चौथ्या फाटकापर्यंत फक्कड आहेत. मग एकदम सगळे जण केक खातात. लांडगा आणि डुक्कर केक खातात. राजकन्या जागी होते आणि केक खाते. काचेच्या बुटाची पोरगी, तिची सावत्र आई, राजपुत्र, सगळे मिळून केक खातात. चौदा गोष्टी, चौदा केक! आणि सिडनीच्या एका विद्वानानं वर्तमानपत्रात लिहिलं की शेवट मुद्दाम सैल सोडून लेखक बालवाचकाला स्वातंत्र्य देतो. स्वातंत्र्य कसलं डोंबलाचं! लेखक घरी जाऊन दूध पीत होता.

पुस्तक येऊन बारा वर्षं झाली. पहिल्या पानावर यांनी गावाचं नाव घातलं, जन्मगावाची ओढ म्हणून. त्यामुळे देशभरातली पोरं पत्रं कुठे पाठवणार? 'लाइल आजोबा, बुरांगी' एवढाच पत्ता. सगळी माझ्या टेबलावर. पहिल्या महिन्यात एक पिशवी भरली. मी इमानेइतबारे सिडनीला फोन केला. म्हटलं, "लाइल, तुझी पत्रं आलीत रे, पोरांची. पाठवू का?"

हा म्हणाला, "कशाला गं? फेकून दे."

"फेकून दे? अरे, पोरांनी चित्रं काढून पाठवलीत."

"मग तूच दे काहीतरी उत्तर. लिही दोन ओळी आणि माझं नाव टाक खाली. मला लिहायला वेळ होत नाही, ग्लेनिस, तुला काय माहीत!"

खरंच, मला काय माहीत? मी आपली तिकिटं चिकटवणारी बाई. पण यांच्या परवानगीनं पत्रं मी उघडली. आणि सगळ्या पत्रांत एकच प्रश्न. मोठाली वाकडी अक्षरं, काहींत 'ड' उलटा. 'लाइल आजोबा, केक कुणी केला?' 'लांडगा तर भुकेला होता, मग त्यानं डुकराला का नाही खाल्लं?' बाथर्स्टच्या एका सहा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं, 'माझ्या भावाला शेवट खोटा वाटतो. तो झोपत नाही. खरा सांगा.'

सहा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते त्या विद्वानाला कळलं नाही.

पिशवी उचलली आणि मी मर्लबाईंकडे गेले. त्या अंजिरं चिरत बसल्या होत्या. पत्रं वाचून दाखवली. खूप हसल्या, मग चष्मा पुसला. म्हणाल्या, "अगं, बिचाऱ्यांना मधेच उतरवलंय की!" आणि त्याच टेबलावर लिहायला बसल्या. एकेका पोराला एकेक शेवट. बारा वर्षं लिहीत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी लिहीत होत्या.

खाली सही कुणाची? लाइल आजोबा. तिथे माझी चूक. ही चूक माझी आहे आणि मी ती भर सभेत कबूल करते. बाई म्हणाल्या होत्या, "माझं नाव घालू का गं?" मीच म्हटलं, "नको, पोरांनी लाइलला लिहिलंय, दुसऱ्याच बाईचं नाव बघून हिरमुसतील." मला वाटलं मी शहाणपणा केला. मी चोराच्या हातात किल्ली दिली, दुसरं काय!

कारण त्या पोरांच्या आयांनी पत्रं जपून ठेवली. कुणी चौकट करून भिंतीला लावली. मिस फेनरच्या कानावर गेलं, आणि त्यांनी गावोगाव लिहून ती पत्रं गोळा केली. दोनशे अकरा. तुमचा काही दोष नाही, मिस फेनर, चांगली वस्तू तुम्ही ओळखलीत. तुम्ही ती लाइलसमोर ठेवली आणि विचारलंत, ही तुमचीच ना? आणि मघाशी तुम्हीच कौतुकानं सांगितलंत हे काय म्हणाले ते. "लिहायचो बुवा, वेळ मिळेल तसा."

वेळ मिळेल तसा! आयत्या बिळावर नागोबा पाहिला होता. पण एकाच बिळात दोनदा शिरणारा नागोबा मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या महिन्यात ते पुस्तक येणार. हा मागे टांगलेला भलामोठा कागद त्याचंच मुखपृष्ठ आहे. मागच्या आठवड्यात तो नळकांड्यातून पोस्टात आला. मी उलगडला आणि खाली स्टुलावर बसले. तशीच उठून मर्लबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, ग्लेनिस."

"काय जाऊ दे? तुमचं आहे ते!"

"पोरांना शेवट मिळाला ना? मग झालं. पुढच्या आठवड्यात मी पर्थला असेन. माझ्यामागे कशाला भांडणं?"

थोर बाई आहेत. मी नाही. मी परत आले आणि समितीकडून हे आभाराचं काम मागून घेतलं. नाहीतर सव्वीस वर्षांत मी कधी माइकजवळ गेलेय?

आता सगळ्यांनी एक कृपा करा. या मुखपृष्ठाकडे बघा. पत्रातली एक ओळ मोठी करून छापली आहे, लेखकाच्या हस्ताक्षरात असं खाली लिहिलंय. बघितलं? ते 'त'चं शेपूट बघा, ओळीखाली उतरून परत वर येणारं. बघितलं ना? आता मागे वळा. चहाच्या टेबलावर स्कोन-पावांच्या शेजारी अंजिराच्या मुरंब्याच्या सहा बरण्या आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या फडताळात निदान एक आहे. चिठ्ठ्यांवरचं अक्षर वाचा.

वाचा, वाचा. मला घाई नाही. रेक्स, तूही जा. चष्मा घेऊन जा.

मिस फेनर उठल्यात, बरं झालं. त्यांना वाट द्या. बरणी इकडे आणलीत तरी चालेल, मुखपृष्ठाशेजारी धरा. हं.

ग्लेनिसनं भर सभेत पाहुण्याचा अपमान केला, असं उद्या गावभर होईल. होऊ दे. पण मला राग चोरीचा कमी आहे. राग कशाचा आहे ते सांगते, आणि ते मुलांनी ऐकलं तरी हरकत नाही.

आमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर जो बसेल त्यानं फाटक उघडायचं, बस पुढे गेली की लावायचं आणि परत चढायचं. रोज एकाची पाळी. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे माणूस चोर असला तर चालेल, दारुडा असला तर चालेल, पण फाटक उघडं टाकणारा चालत नाही. लाइल दहा वर्षांचा, मी नऊची. त्याची पाळी होती. म्हाताऱ्या गॅलाहरांचं एडक्यांचं कुरण. ह्यानं फाटक उघडलं, बस गेली, हा पळत येऊन चढला. बाईंनी विचारलं, "लावलंस?" म्हणाला, "लावलं."

सकाळी गॅलाहरांचे एडके शेजारच्या मेंढ्यांत. पाच महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, दुष्काळात, कोकरं जन्मली. गवताची काडी नव्हती. किती मेली ते मी मुलांसमोर सांगत नाही. गॅलाहर शाळेत आले, आम्हाला ओळीनं उभं केलं. "कुणाची पाळी होती त्या दिवशी?" मी लाइलकडे पाहिलं. लाइल बुटांकडे बघत होता. या गावात बूट बघायची जुनी सवय आहे.

मर्लबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "बस माझी आहे, गॅलाहर. फाटक माझ्याकडून राहिलं."

त्यानंतर दोन वर्षं गॅलाहरांनी बसला कुरणातून वाट दिली नाही. रोज नऊ मैलांचा वळसा. कुजकट बोलणी ऐकली बाईंनी, दुकानात, चर्चच्या पायरीवर. ह्यानं एक शब्द काढला नाही. दहा वर्षांच्या पोराला मी माफ केलं असतं. साठ वर्षांचा झाला तरी काढला नाही, त्याचं काय करू?

त्याच वर्षी बाईंनी तीन डुकरांची गोष्ट सांगितली. ह्यांच्या पुस्तकातली पहिली गोष्ट. दमेकरी लांडगा गवताच्या घरापाशी येतो, गवतानं त्याला शिंका येतात, घर शिंकेनं जातं. काड्यांचं घर खोकल्यानं जातं. तिसरं डुक्कर हुशार. विटांचं घर, वर पत्र्याचं छप्पर, दाराला सात कुलपं, खिडक्यांना फळ्या, आत बसून मिशीवर ताव देतंय, "ये म्हणावं लांडग्याला!" इथे चौथं फाटक आलं. लाइल उतरला. उतरला आणि चाळीस वर्षांनी त्यानं तिथे केक ठेवला.

मुलांनो, सांगा बरं, पुढे काय झालं? एवढ्यांचे हात वर! बघ लाइल, ह्यांना माहीत आहे. ह्यांनी तुला पत्र लिहिलं होतं, उत्तर बाईंनी दिलं.

पुढे असं झालं. डुकरानं घराला सात कुलपं लावली, पण बाहेरचं फाटक लावायला विसरलं. लांडगा आला, फाटकातून आत शिरला, वळून फाटक नीट लावलं, कडी घातली, आणि दारावर टकटक केली. म्हणाला, "अहो, तुमचं फाटक उघडं होतं. लावून आलोय." आता पंचाईत. आपल्याकडे फाटक लावून येणाऱ्याला चहा नाकारत नाहीत. मग तो लांडगा का असेना. डुकरानं कण्हत-कुथत सात कुलपं काढली, चहा ठेवला. लांडग्यानं स्कोन खाल्ले, छाती मोकळी झाली. चहा फार गरम होता. त्यानं नुसती फुंकर घातली, तर घराचं छप्पर उडालं! डुक्कर अजून ते छप्पर शोधत हिंडतंय, आणि वाटेत दिसेल ते फाटक लावतंय.

मी त्या दिवशी उतरताना बाईंना विचारलं होतं, "हा शेवट लाइलला का नाही ऐकवला?" त्या म्हणाल्या, "त्याला ऐकवायला नव्हता गं केला. माझा राग गिळायला केला होता. पोराला खाली मान घालायला लावून काय मिळणार?"

म्हणून तो शेवट चौथ्या फाटकाच्या पुढे ठेवला. त्या बाईनं तुला शरम वाटू नये म्हणून गोष्टीचा शेवट तुझ्यापासून लपवला, लाइल, आणि तू तोसुद्धा स्वतःच्या नावावर छापायला दिलास. तुझ्या डोक्यावर मुखपृष्ठावर कोणती ओळ आहे ती तू वाचलीस तरी का? मान वर कर आणि वाच. 'तुमचं फाटक उघडं होतं. लावून आलोय.'

मर्लबाई, खुणा करू नका. आज मी बसत नाही.

लाइल, तुझ्याकडून मला भाषण नकोय. भाषणं तुला छान येतात. दोन शब्द हवेत, मिस फेनरना ऐकू जातील असे. परवा बाई गाडीत बसायच्या आत.

उठलास? बोल. मोठ्यानं बोल, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंत? 'नाहीत माझी' म्हणाला. मिस फेनर, लिहून घेतलंत? मर्ल टकेट. टकेटमध्ये शेवटी एकच 'टी'. ह्या पुस्तकावर नाव घालाच, आणि जुन्या पुस्तकाचं काय करायचं ते तुम्ही आणि बाई बसून ठरवा. टाळ्या वाजवू नका कुणी. टाळ्या वाजवण्यासारखं इथे काही झालेलं नाही. बावन्न वर्षं उशिरा आलेले दोन शब्द आहेत. रेक्स, आज लाइलच्या नावानं उघडणार होतास त्या वाचनकोपऱ्याच्या पाटीवरचा पडदा तसाच राहू दे, पाटी नव्यानं रंगवावी लागेल.

आता राहिलेले आभार. अध्यक्षांनी मध्ये उठून माइक हिसकावला नाही, त्यांचे आभार. महिला मंडळाचे स्कोनबद्दल. मुलांचे, हात वर केल्याबद्दल. मर्लबाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि उगाच सजवलेले तुम्हाला आवडणार नाहीत. सातव्या फाटकापर्यंत नेलंत, एवढंच म्हणते. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाला अधिक-उणं लागलं असेल तर पोटात घाला. एका माणसाला लागलं असेल, ते त्यानं आपल्याकडेच ठेवावं.

आणि अरे देवा, खिडकीकडचे लोक कशाला हसताय? मेंढ्या बाहेरच्या चहाच्या मांडवात शिरल्या ना? सांगितलं होतं मी. साडेतीन वाजता निळी गाडी आत आली, मिस फेनर शेजारी बसल्या होत्या, चालवणारा उतरला, फाटक उघडलं, गाडी आत घेतली आणि तसाच हॉलमध्ये हार घालून घ्यायला आला. बुरांगीत जन्मलेला माणूस!

जा, लाइल. आधी मेंढ्या बाहेर काढ. मग फाटक लाव, कडी घाल, हलवून बघ. आणि मग ये. मर्लबाईंनी मला हातानं खूण केलीय, तुझा कप भरून ठेवायला सांगतायत.